उताणी

बेटावर घरं अकरा. धूर निघतो चारांतून.
बाकीच्यांत वादळाच्या रात्री मेंढ्या शिरतात;
एका घरात चूल अजून शाबूत आहे,
तिच्यापुढं त्या बसून राहतात, पाहुण्यांसारख्या.

ओस्ला पाचला उठते, फ्लेका हंबरते म्हणून.
एकच गाय, काळीपांढरी, दूध देते
पण उपकार केल्यासारखं.
बादली गुडघ्यांत, कपाळ तिच्या कुशीला टेकवलेलं:
जानेवारीत ऊब मिळायची हीच एक जागा
जिचं बिल येत नाही.

खुराडं तारेनं धोंड्याला बांधलंय.
आधीचं उडालं, दोन कोंबड्यांसकट.
एक दुसऱ्या दिवशी चालत परत आली
आणि महिनाभर तिनं अंडं दिलं नाही.

बोट मंगळवारी आणि शुक्रवारी,
समुद्राच्या मनात असेल तर.
येताना आणते पेंडीची पोती, पाव, लॉरीच्या गोळ्या.
नेताना नेते कोकरं, ऑगस्टात, कानांत बिल्ले मारून.
त्यांच्या आया तीन रात्री ओरडतात,
चौथ्या रात्री चरायला लागतात.
ओस्लाचा मुलगा बाराव्या वर्षी शाळेसाठी गेला
तो याच बोटीनं.
तिनं किती रात्री मोजल्या, ते ती सांगत नाही.

धार काढून झाली की दगडी कुंपणाच्या कडेनं फेरी.
लोकर भिजून जड झालेली, पोटात कोकरू,
मेंढी पाठ खाजवायला लोळते
आणि तशीच राहते, उताणी,
चारी पाय आभाळाकडं.
आपलं आपण उठता येत नाही तिला.
पोट फुगत जातं. डोमकावळे
डोळ्यांपासून सुरुवात करतात.

उठवायची एक रीत आहे.
लोकरीत बोटं रुतवून एका हिसक्यात उभी करायची,
पण लगेच सोडायची नाही.
सोडली की पळते, कलंडते, पुन्हा तीच गत.
तिला दोन्ही गुडघ्यांत धरून उभं राहायचं
तिचे पाय तिला आठवेपर्यंत.
पाच मिनिटं, कधी वीस, वाऱ्यात.
बोलायची गरज नसते. ओस्ला बोलते:
पेंडीचा भाव, मुलाचा फोन,
काय काय.

त्या गुरुवारी लॉरीच्या धुराड्यातून धूर नव्हता.
लॉरी चौऱ्याऐंशीचा. दोघांत नऊ वर्षं अबोला,
त्याचा पांढरा मेंढा कुंपण ओलांडून
तिच्या तपकिरी मेंढ्यांत आला होता म्हणून.
त्या वसंतात तिची सगळी कोकरं ठिपक्यांची निघाली.
ती फाटकाशी थांबली. मग आत गेली.

गोठ्यात, गव्हाण आणि भिंत यांच्यामधे,
लॉरी उताणा. डोक्यावर टोपी तशीच.
कुत्रा त्याच्या छातीवर, पांघरुणासारखा.
“उशीर केलास,” तो म्हणाला.
“गुरुवार आहे आज,” ती म्हणाली,
जसं काही ते उत्तरच होतं.

हाडं चाचपली. मोडलं काही नव्हतं.
काखांत हात घालून तिनं त्याला उठवलं,
मागून गुडघ्यांचा आधार दिला,
आणि धरून राहिली.
त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास होता,
तिच्याही होता.

“मेंढीला करतेस तसंच करतेयस की गं.”
“मेंढी गप्प उभी राहते.”

मग तो गप्प राहिला.
त्याचे पाय थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले.
पत्रा वाजत होता. बोलायची गरज नव्हती,
पण ओस्ला बोलत राहिली:
पेंडीचा भाव, मुलाचा फोन,
ती ठिपक्यांची कोकरं, ज्यांचं मेळ्यात
कुणीतरी कौतुक केलं होतं, हे तिनं
आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“सोड आता,” तो म्हणाला.
“अजून नाही,” ती म्हणाली.

शुक्रवारी बोट आली नाही.
शनिवारी सकाळी त्याच्या उंबऱ्यावर
दुधाची किटली होती, झाकण पोचे पडलेलं,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड.